रोबोट वळणावरच का थांबतो?

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी टेक्निकल लेख लिहशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या मुलीला मराठीचा पेपर म्हणजे काय असतो ते कॉन्व्हेंटवाल्यांनाच ठाऊक! कपॅसिटरला मराठीत 'धारित्र' म्हणतात हे मला हा लेख लिहायला बसल्यावर कळलं. शेवटी आजी म्हणाली, "घरी बोलतेस तसं लिही, वाचणारे समजून घेतील." तेव्हा मंडळी, लॅबमध्ये आपण ज्याला जे म्हणतो तेच शब्द मी वापरणार आहे. चुका पदरात घ्या.

विषय आहे आमच्या रोबोटिक्स क्लबचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि त्याच्या हार्डवेअरमध्ये आम्ही केलेल्या सुधारणा. विषय कोरडा वाटेल, पण त्यामागे एक भांडण आहे आणि त्या भांडणात चूक माझी होती. म्हणून आधी ते सांगते.

चोर सोडून संन्याशाला फाशी

मागच्या सेमिस्टरला आम्ही लाइन फॉलोअर बनवत होतो. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी, तिच्यावरून रोबोटने धावायचं. सरळ पट्टी आणि मोठी वळणं जुन्या कोडवर व्यवस्थित चालत होती. काटकोनातल्या वळणाचा कोड सेकंड इयरच्या एका ज्युनिअरने नव्याने लिहिला होता. तिथे एक चाक पुढे आणि दुसरं एकदम उलटं फिरवून रोबोट जागच्या जागी वळतो.

लॅबमध्ये पहिल्या तीन-चार फेऱ्या झकास झाल्या. मग मात्र काटकोन आला की रोबोट गप्प उभा! दोन सेकंद थांबायचा आणि नंतर पट्टी सोडून भलतीकडेच चालू लागायचा. स्पर्धेच्या दिवशी तेच झालं, आणि पहिल्याच राउंडमध्ये आम्ही बाहेर. मी सगळ्यांसमोर त्या ज्युनिअरला म्हणाले, "वळणाचा कोड तुझा, म्हणजे बगही तुझाच." तो काही बोलला नाही.

मग मी दोन रात्री जागून वळणाचा कोड स्वतः लिहिला. त्याच्यापेक्षा छान लिहिला, असं मला वाटत होतं. माझ्या कोडवरही रोबोट तिथेच, तसाच थांबला.

चौथ्या दिवशी तो ज्युनिअर बोर्ड घेऊन आला. त्याने प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला एक एलईडी तीनदा लुकलुकवायची ओळ टाकली होती. "ताई, हा दिवा फक्त स्विच चालू केल्यावर लुकलुकायला पाहिजे ना? मग वळणावर का लुकलुकतो?"

माझी ट्यूब तेव्हा पेटली. रोबोट अडकत नव्हताच. तो रीसेट होत होता! म्हणजे प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होत होता. आमच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीचे दोन सेकंद सेन्सरचं कॅलिब्रेशन चालतं. पांढरं किती आणि काळं किती हे मोजलं जातं, तोवर रोबोट उभा राहतो. वळणाच्या मधोमध कॅलिब्रेशन झालं की आकडे चुकीचे येणार आणि मग रोबोट भरकटणारच. 'दोन सेकंद थांबणे' आणि 'भलतीकडे जाणे' ही दोन्ही लक्षणं एकाच आजाराची होती. आणि तो आजार कोडमध्ये नव्हता, बोर्डावर होता.

चिपलाच विचारा

आमच्या बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप आहे. एव्हीआर घराण्यातली ही चिप २०१० साली आलेल्या अर्डुइनो उनो बोर्डामुळे जगभर पोचली. एव्हीआरची मूळ कल्पना नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या दोन विद्यार्थ्यांची, आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांची. पुढे अॅटमेल कंपनीने ती बाजारात आणली आणि २०१६ साली मायक्रोचिपने अॅटमेलच विकत घेतली. ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, २८ पायांचं साधं डिप पॅकेज. जळली तर सॉकेटमधून काढून दुसरी बसवता येते, त्यामुळे शिकणाऱ्यांसाठी फारच सोयीची.

या चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचं एक रजिस्टर आहे. सिलॅबसमध्ये त्याच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. रीसेट का झाला याची नोंद चिप स्वतः या रजिस्टरमध्ये ठेवते. चार बिट, चार कारणं : पॉवर नव्याने चालू झाली, बाहेरून रीसेटचा पाय ओढला गेला, पुरवठ्याचं व्होल्टेज पडलं (याला ब्राउन-आउट म्हणतात), किंवा वॉचडॉग टायमरने रीसेट केलं. प्रोग्रॅम सुरू होताच हे रजिस्टर वाचायचं, चार एलईडींवर दाखवायचं आणि नंतर ते शून्य करायचं. शून्य करायला विसरलात तर जुनी खूण तशीच राहते आणि दिशाभूल होते. बूटलोडर वापरत असाल तर तो हे रजिस्टर आधीच पुसून टाकू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. आम्ही प्रोग्रॅमरने थेट चिपमध्ये कोड टाकतो, त्यामुळे आम्हाला ती अडचण नव्हती.

आम्ही वॉचडॉगही चालू केला. कोड कुठे अडकत असेल तर वॉचडॉगचा दिवा लागेल आणि व्होल्टेज पडत असेल तर ब्राउन-आउटचा. रोबोट सोडला. काटकोन आला. ब्राउन-आउट! पुन्हा सोडला. पुन्हा ब्राउन-आउट! दहापैकी दहा वेळा तोच दिवा.

चार दिवे लावायला अर्धा तास लागला. मी मात्र त्याआधी दोन रात्री कोड लिहीत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

जुना बोर्ड आणि वळणावरचा हिशोब

जुना बोर्ड असा होता : दोन लिथियम-आयन सेलची बॅटरी. पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट, नाममात्र ७.४. उलटी बॅटरी लावली तर बोर्ड जळू नये म्हणून सुरुवातीलाच १एन४००७ डायोड. पुढे ७८०५ रेग्युलेटर, जो चिपला ५ व्होल्ट देतो. मोटर चालवायला एल२९३डी. हे सर्किट गेली अनेक वर्षं वर्कशॉपमध्ये, जर्नलमध्ये आणि सीनिअर्सच्या वहीत फिरत आहे. आम्हीही डोळे मिटून उतरवलं.

आता मोटरबद्दल एक गोष्ट आधी समजून घेऊ. फिरणारी मोटर स्वतःच जनरेटरसारखी उलटं व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. ते पुरवठ्याच्या विरुद्ध असल्यामुळे चालू मोटर थोडाच करंट घेते. पण उभ्या मोटरला बॅक ईएमएफ नसतं. तेव्हा करंट अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स उरतो. म्हणून मोटर सुरू होताना, अगदी क्षणभर, अडकलेल्या मोटरइतकाच करंट घेते.

आणि फिरती मोटर एकदम उलटी केली तर? तेव्हा बॅक ईएमएफ पुरवठ्याच्या विरुद्ध राहत नाही, त्याच्या मदतीला येतं! दोघांची बेरीज होते. काटकोनाच्या वळणावर आम्ही नेमकं हेच करत होतो.

आकडे घालून बघू. मल्टिमीटरवर आमच्या मोटरचं वाइंडिंग साधारण ४ ओहम भरलं. डायोड आणि ड्रायव्हरमध्ये गळती होऊन मोटरला मिळत होते साधारण ५ व्होल्ट.

सरळ धावताना : बॅक ईएमएफ सुमारे ४ व्होल्ट, म्हणजे करंट (५ − ४) ÷ ४ = ०.२५ अँपिअर.

थांबलेली मोटर सुरू करताना : ५ ÷ ४ = १.२५ अँपिअर.

धावती मोटर उलटी करताना : (५ + ४) ÷ ४ = २.२५ अँपिअर.

पाव अँपिअरवरून एकदम सव्वादोन! नऊ पट! त्यात दुसऱ्या चाकाची मोटर आणि बाकीचा बोर्ड धरून बॅटरीतून साधारण २.६ अँपिअर जात होते. बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स, बारीक वायर, स्विच आणि कनेक्टर मिळून ०.३ ओहम धरला तर २.६ × ०.३ = ०.७८, म्हणजे जवळजवळ ०.८ व्होल्ट वाटेतच संपले. डायोडमध्ये आणखी सुमारे ०.९ गेले. (१एन४००७ मुळात १ अँपिअरचा डायोड, त्याच्याकडून आम्ही अडीच अँपिअर ओढत होतो हा आणखी एक गुन्हा.)

आता ७८०५ ची अट अशी की आउटपुटला ५ व्होल्ट हवे असतील तर इनपुटला साधारण २ व्होल्ट जास्त, म्हणजे ७ तरी पाहिजेत. त्याहून कमी दिले तर आउटपुटही तेवढंच खाली येतं. मग बघा :

बॅटरी पूर्ण चार्ज असताना : ८.४ − ०.८ − ०.९ = ६.७. रेग्युलेटरमधून बाहेर येतात साधारण ४.७ व्होल्ट. चिपच्या ब्राउन-आउटची मर्यादा आम्ही ४.३ ला ठेवली होती. म्हणजे थोडक्यात वाचलो.

चार-पाच फेऱ्यांनंतर बॅटरी ७.६ वर आली : ७.६ − ०.८ − ०.९ = ५.९. बाहेर येतात ३.९. ब्राउन-आउट!

लॅबमध्ये ताज्या बॅटरीवर रोबोट का धावायचा आणि स्पर्धेत, प्रॅक्टिस करून झाल्यावर, का थांबायचा याचं उत्तर या दोन ओळींत आहे. मी त्याला 'स्पर्धेचं प्रेशर' म्हणत होते!

मल्टिमीटर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

तुम्ही म्हणाल, मग व्होल्टेज मोजून बघितलं नाही का? बघितलं होतं. मल्टिमीटर ४.९८ दाखवत होता. साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. आमचं व्होल्टेज पडत होतं ते सुमारे वीस मिलिसेकंद. शिवाय चिप रीसेट झाली की तिचे सगळे पाय इनपुट होतात, मोटर बंद पडतात, करंट कमी होतो आणि व्होल्टेज लगेच पूर्ववत होतं. म्हणजे चोर चोरी करून स्वतःच दार लावून जायचा.

तो पकडला लॅबमधल्या डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोपने. ट्रिगर ४.५ व्होल्टवर, उतरत्या कडेला, सिंगल मोडमध्ये. प्रोब ७८०५ च्या आउटपुटवर. चाक हाताने उचलून धरलं आणि उलटं फिरवण्याची कमांड दिली. स्क्रीनवर एक खोल खड्डा दिसला. तो बघून ज्युनिअर हसला आणि मी त्याला सॉरी म्हणाले. त्या वेळी तिथे तीनच जण होते. 'बग तुझाच' मात्र मी वीस जणांसमोर म्हटलं होतं. म्हणून हे इथे लिहिते आहे.

सुधारणा पहिली : पुरवठा

क्लबमध्ये काही जणांचं म्हणणं होतं की जुनी चिप फेकून द्या आणि वेगवान ३२-बिट चिप घ्या. २०२३ साली आलेल्या उनो आर४ मध्येही ४८ मेगाहर्ट्झची ३२-बिट चिप आहे, मग आपणच मागे का? मुद्दा चुकीचा नाही. पण खड्ड्यात पडलेल्या व्होल्टेजवर वेगवान चिपही पडणारच. ईएसपी३२ वापरणाऱ्यांना विचारा, वायफाय चालू होताना कमजोर पुरवठ्यावर तीही ब्राउन-आउटचा मेसेज देत रीसेट होत राहते. म्हणून चिप तीच ठेवली आणि तिच्या भोवतीचं सगळं बदललं.

पहिला बदल डायोडचा. १एन४००७ च्या जागी आयआरएफ ४९०५ हा पी-चॅनेल मॉसफेट. याचा ड्रेन बॅटरीच्या प्लसला, सोर्स बोर्डाकडे आणि गेट ग्राउंडला. हे वाचून 'उलटं जोडलंय' असं वाटेल, पण तेच बरोबर आहे. बॅटरी सुलटी लावली की आधी मॉसफेटच्या आतला डायोड चालू होतो, मग गेट सोर्सपेक्षा खाली असल्याने मॉसफेट पूर्ण उघडतो. बॅटरी उलटी लावली तर तो बंदच राहतो. याचा रेझिस्टन्स ०.०२ ओहमच्या आसपास, म्हणजे २.६ अँपिअरला नुकसान साधारण ०.०५ व्होल्ट. ०.९ च्या जागी ०.०५!

दुसरा बदल रेग्युलेटरचा. ७८०५ ऐवजी एलएम२९४०, ५ व्होल्टवाला. पायांची रचना ७८०५ सारखीच : इनपुट, ग्राउंड, आउटपुट. पण याला पूर्ण १ अँपिअरलाही साधारण अर्धा व्होल्टच जास्त लागतो. आमची चिप आणि सेन्सर मिळून १०० मिलिअँपिअरच घेतात, तेव्हा तर त्याहूनही कमी.

तिसरा बदल मला सगळ्यात आवडतो. मोटरचा पुरवठा आणि चिपचा पुरवठा यांच्यामध्ये एक १एन५८१९ शॉट्की डायोड टाकला आणि त्याच्या पुढे, रेग्युलेटरच्या इनपुटला, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मोटरकडचं व्होल्टेज पडलं तरी डायोडमुळे कपॅसिटरमधला चार्ज मागे जाऊ शकत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याचं प्रेशर गेलं तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काही वेळ येत राहतं, तसंच हे. किती वेळ? कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजमधली घट, भागिले करंट : ०.००१ × १ ÷ ०.१ = ०.०१ सेकंद. म्हणजे एक व्होल्ट खाली येईपर्यंत दहा मिलिसेकंद मिळतात. फर्स्ट इयरला पाठ केलेला फॉर्म्युला पहिल्यांदा कामाला आला!

आता नवा हिशोब, त्याच ७.६ व्होल्टच्या बॅटरीवर आणि त्याच करंटवर. वायरचे ०.८, मॉसफेटचे ०.०५, शॉट्कीचे साधारण ०.३५ वजा केले की उरतात ६.४. एलएम२९४० ला साडेपाच पुष्कळ झाले. कपॅसिटरची टाकी उघडायची वेळसुद्धा येत नाही.

ग्रिपरच्या सर्व्होसाठी वेगळं एलएम२५९६ चं बक कन्व्हर्टर मॉड्यूल लावलं. सर्व्होला चिपच्या ५ व्होल्टवर कधीच जोडू नका, तो एकदम करंट ओढतो आणि पुन्हा तीच कथा सुरू होते.

सुधारणा दुसरी : मोटर ड्रायव्हर

एल२९३डी हा जुना, गुणी आयसी. आत संरक्षक डायोड असलेला, वापरायला सोपा. पण तो बायपोलर ट्रान्झिस्टरचा आहे. ६०० मिलिअँपिअरला वरच्या आणि खालच्या ट्रान्झिस्टरमध्ये मिळून साधारण २.६ व्होल्ट खातो. साडेसात व्होल्टमधून एक तृतीयांश नुसती उष्णता! शिवाय त्याची क्षणिक मर्यादा १.२ अँपिअर आहे आणि आम्ही त्याहून कितीतरी जास्त मागत होतो. तो इतके दिवस टिकला हे आमचं नशीब.

अनेक जण मग एल२९८ कडे जातात. तो २ अँपिअर देतो, पण बायपोलरच असल्यामुळे व्होल्टेज तोही खातो, आणि त्याच्यात आतले डायोड नसतात, बाहेरून लावावे लागतात. आम्ही टीबी६६१२ घेतला. हा मॉसफेटचा आहे. दोन्ही बाजू मिळून रेझिस्टन्स अर्धा ओहमच्या आसपास, सतत १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअर. पाय फार बारीक आहेत, त्यामुळे तयार मॉड्यूल आणून बोर्डावर सॉकेटमध्ये बसवलं. त्याचा एक 'स्टँडबाय' पाय आहे. तो खाली असला की मोटर पूर्ण बंद. आम्ही तो चिपला जोडला आणि १० किलोओहमने ग्राउंडला ओढून ठेवला. म्हणजे चिप रीसेटमध्ये असताना रोबोट टेबलावरून पळून जात नाही.

पण इथे एक गंमत झाली. ड्रायव्हर चांगला झाला म्हणजे मोटरला जास्त व्होल्टेज मिळू लागलं. ५ ऐवजी ७. मग उलटं फिरवताना करंट किती? (७ + ६) ÷ ४ = ३.२५ अँपिअर! म्हणजे सुधारणेनेच आजार वाढवला. ज्युनिअरने याच्यावर दोन उपाय केले, दोन्ही कोडमध्ये. एक, पीडब्ल्यूएम सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन, मोटर थेट उलटी न करता आधी सुमारे तीस मिलिसेकंद ब्रेक लावायचा आणि मग उलटी करायची. ब्रेकच्या वेळी मोटरची दोन्ही टोकं ड्रायव्हर एकमेकांना जोडतो. तेव्हाचा करंट मोटर आणि ड्रायव्हर यांच्यातच फिरतो, बॅटरीतून येत नाही. नंतर जवळजवळ थांबलेली मोटर उलटी सुरू करायला ५ ÷ ४ = १.२५ अँपिअर पुरतात. सव्वादोनचे सव्वा झाले, तेही फुकट.

हार्डवेअरवाले आणि सॉफ्टवेअरवाले अशी आपण क्लबमध्ये जी वाटणी करतो ती किती फसवी आहे, हे मला इथे कळलं.

सुधारणा तिसरी : ग्राउंड म्हणजे शून्य नव्हे

डायग्राममध्ये ग्राउंडचं चिन्ह काढलं की आपण समजतो, तिथे शून्य व्होल्ट. बोर्डावर मात्र ग्राउंड ही तांब्याची पट्टी असते आणि तिलाही रेझिस्टन्स असतो. नेहमीच्या कॉपर क्लॅडवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. त्यावर १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब ट्रॅक काढला तर त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०५ ओहम होतो. किरकोळ वाटतो ना? पण त्यातून मोटरचे अडीच अँपिअर गेले की ०.१२५ व्होल्ट तयार होतात. आपला दहा बिटचा एडीसी ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणजे सेन्सरच्या वाचनात पंचवीसचा फरक, रोबोट हललेला नसताना!

जुन्या बोर्डावर सेन्सर आणि मोटर एकाच ग्राउंड ट्रॅकवर होते. मोटर जोरात चालली की सेन्सरचे आकडे हलायचे आणि मी ते 'सेन्सरची क्वालिटी' म्हणून सोडून द्यायचे. नव्या बोर्डावर मोटरचं ग्राउंड वेगळ्या, जाड ट्रॅकने थेट बॅटरीच्या मायनसला नेलं. चिप आणि सेन्सरचं ग्राउंड दुसऱ्या ट्रॅकने. दोघांची भेट फक्त बॅटरीच्या टोकाशी. एकाच मोरीत घरभरचं पाणी सोडू नये, एवढाच अर्थ.

सुधारणा चौथी : किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी

या एकेका रुपया-दोन रुपयांच्या गोष्टी आहेत, त्यामुळे भराभर सांगते.

१. चिपच्या ७ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये, तसेच २० आणि २२ मध्ये, '१०४' छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. पायांच्या जितका जवळ तितका उत्तम. बोर्डाच्या कोपऱ्यात लावून उपयोग नाही.

२. २० नंबरचा पाय एव्हीसीसीचा. एडीसी वापरत नसलात तरी तो पुरवठ्याला जोडलाच पाहिजे. एडीसी वापरत असाल तर मध्ये १० मायक्रोहेन्रीची कॉइल टाका. २१ नंबरच्या एरेफ पायाला ग्राउंडकडे एक १०४. तो पाय थेट ५ व्होल्टला जोडू नका.

३. रीसेटच्या पायाला १० किलोओहमचा पुल-अप. आत एक असतो, पण तो कमजोर असतो. मोटरच्या ब्रशमधून उडणारा नॉइज त्याला हलवू शकतो.

४. त्या नॉइजसाठी प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर थेट एक १०४ सोल्डर करा. नॉइज जिथे जन्मतो तिथेच थांबवा.

५. ब्राउन-आउटचा फ्यूज बिट तपासा. ३२८पी कारखान्यातून येते तेव्हा ब्राउन-आउट बंद असतो. मग व्होल्टेज पडल्यावर चिप स्वच्छ रीसेट न होता वेड्यासारखी वागू शकते, आणि कारण कधीच सापडत नाही.

६. रीसेटचं कारण दाखवणारे चार एलईडी. हे आता आमच्या बोर्डाचा कायमचा भाग आहेत.

आमच्या नव्या चुका

नवा बोर्ड पहिल्याच दिवशी चालला असं लिहायला आवडलं असतं, पण नाही चालला. टोनर ट्रान्स्फरने ट्रॅक उमटवले, फेरिक क्लोराइडमध्ये एच केलं, बोटं आठवडाभर पिवळी, आणि पॉवर दिल्यावर ५ व्होल्टच्या लाइनवर रेग्युलेटरच डोलायला लागला! स्कोपवर सरळ रेषेऐवजी लाटा. चूक माझी. ७८०५ च्या सवयीने मी एलएम२९४० च्या आउटपुटला छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला होता. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की तिथे कमीत कमी २२ मायक्रोफॅरड हवा, आणि त्याचा अंतर्गत रेझिस्टन्सही फार कमी चालत नाही. म्हणजे इथे 'चांगला' सिरॅमिक नको, साधा इलेक्ट्रोलिटिकच बरा. ४७ मायक्रोफॅरडचा लावला आणि रेषा सरळ झाली. पाय जुळले म्हणून स्वभाव जुळतो असं नाही.

दुसरी चूक : १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इतका उंच की वरची सेन्सरची प्लेट बसेना. शेवटी आडवा झोपवला. हार्डवेअरमध्ये जागा हेसुद्धा एक पॅरामीटर असतं, पण त्याच्यावर चॅप्टर नसतो.

शेवटी

नव्या बोर्डावर आम्ही मुद्दाम अर्धी उतरलेली बॅटरी लावून काटकोनाच्या शंभर फेऱ्या केल्या. ब्राउन-आउटचा दिवा एकदाही लागला नाही. पुढची स्पर्धा अजून व्हायची आहे. तिथे नंबर येईल की नाही ते माहीत नाही, पण वळणावर थांबणार नाही एवढं नक्की.

ज्युनिअर मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगते. रोबोट बिघडला की आपण कोड उघडतो, कारण कोड बदलायला पैसे लागत नाहीत आणि दोष द्यायला माणूस मिळतो. बोर्डावर मात्र कोणाचं नाव नसतं, तो सगळ्या क्लबचा असतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी तपासला जातो. तुम्ही तो सगळ्यात आधी तपासा. पुरवठा, ग्राउंड, रीसेटचं कारण, या क्रमाने. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि सीनिअर मंडळींनो, 'बग तुझाच' म्हणायच्या आधी एक एलईडी लावून बघा. मी लावला नाही. ज्याच्यावर ओरडले त्यानेच लावला.

नव्या बोर्डाचं डिझाइन क्लबच्या कपाटात, वरच्या कप्प्यातल्या फाइलमध्ये आहे. उतरवून घ्या, पण डोळे मिटून नको. आम्हीही काहीतरी चुकवलं असेलच. सापडलं तर पुढच्या वर्षीच्या अंकात तुम्ही लिहा.